कानांची बढती

'अपग्रेड' हा शब्द आपल्या घरात शिरला त्याला फार वर्षे झाली नाहीत. पण आता तो नव्या जावयाच्या थाटात वावरतो. तो आला की घरातली चांगली चालती वस्तू निमूटपणे उठते आणि माळ्यावर जाऊन बसते. मराठीत त्याला 'बढती' म्हणता येईल. पण कारकुनाला बढती मिळते ती काही वर्षे मान मोडून काम केल्यावर. इथे बढती मिळते ती विकत घेणाऱ्याच्या हौसेला, आणि काम करणाऱ्या वस्तूच्या हाती पडतो तो बडतर्फीचा हुकूम. दिवाळी आली, बोनस झाला, वर्तमानपत्राचे पहिले पान सवलतींच्या आकड्यांनी रंगले, की या बढत्यांना ऊत येतो. यंदा आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीतले निम्मे लोक त्यात सापडले; आणि वस्तू कोणती, तर हेडफोन!

मोबाइलबरोबर आलेली कानातली बोंडे झाली, मग हजार-दीड हजाराचा पहिला हेडफोन झाला, आता 'जरा चांगला' हवा. चांगला म्हणजे 'क्लोज्ड-बॅक', म्हणजे बंद पाठीचा, इथपर्यंत सर्वांचे एकमत. पुढे सगळा गोंधळ. सोनीचा एमडीआर-७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स, बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ही तीन नावे दहावीच्या निकालात पहिल्या आलेल्या मुलांसारखी जो तो घेत असतो. कुणी सांगतो याचा बास जबरदस्त. कुणी सांगतो त्याचा पल्ला पस्तीस हजारांपर्यंत. किंमत दहा-पंधरा हजारांच्या घरात, म्हणजे आमच्यासारख्यांनी दोनदा विचार करावा अशीच.

माझे या सर्वांशी भांडण आहे, आणि ते एवढेच की बंद पाठीचा हेडफोन घेताना माणूस आवाज विकत घेत नसतो, भिंत विकत घेत असतो. ज्याने भिंत तपासली नाही आणि आवाजावर भाळून पैसे मोजले, त्याने खिडक्या-दारे नसलेल्या घराचा रंग पाहून बयाणा दिला असे मी समजते.

भिंत कशी ते सांगते. हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक लहानसा पडदा असतो. तो थरथरला की हवा दोन्ही अंगांनी हलते. पुढून कानाकडे आणि मागून जगाकडे. मागची बाजू जाळीची ठेवली तर तो उघड्या पाठीचा हेडफोन, बुजवली तर बंद पाठीचा. रसिक म्हणवणारे एक मंडळ असे आहे की ते बंद पाठीला कमी लेखते. खरी बढती म्हणजे उघडी पाठ, असे त्यांचे मत. उघड्या हेडफोनातले गाणे मोकळ्या अंगणात बसून ऐकल्यासारखे वाटते हे खरेच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातले गाणे शेजारच्या माणसालाही ऐकू जाते, आणि शेजारच्या माणसाचे बोलणे आपल्याला. अंगण ज्याच्या मालकीचे आहे त्याने अंगणात बसावे. शिवाय बंद पाठ ही काही मागासलेली पायरी नव्हे. अमेरिकेतल्या यूटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवले आणि तिथल्या आरमाराने ते घेतले. (स्वयंपाकघरात बसून जगाच्या उपयोगी पडणारे काम करता येते, हे एका पुरुषाने केल्यामुळे इतिहासात नोंदले गेले.) १९३७ साली जर्मनीत बायरच्या कारखान्याने डीटी ४८ काढला. १९५८ साली जॉन कॉस याने मिलवॉकी शहरातून स्टिरिओ हेडफोन पुढे आणला, तो खास घरी बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी. उघडी पाठ आली ती त्यानंतर, १९६८ साली, सेनहायझरच्या एचडी ४१४ बरोबर.

आता माझ्या घराकडे या. दोन खोल्या. एकीत दूरदर्शनसंच, त्यापुढे सासूबाई आणि त्यांची मालिका. दुसरीत ओटा, जेवणाचे टेबल, त्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर माझ्या कादंबरीचे कागद. कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावरचे पाटा सरकवल्यासारखे आवाज, खाली रिक्षा मागे घेताना वाजणारे ते भक्तिगीत. कादंबरी लिहायची तर बाईला स्वतःची खोली हवी, असे व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ साली सांगून ठेवले आहे. खोली काही मला मिळाली नाही. दोन वाट्या आणि एक कमान मिळाली. त्यात मी तंबोऱ्याचा आवाज अगदी बारीक लावून ठेवते आणि दोन तास लिहिते. जिथे भाड्याच्या खोलीत पाचजण राहतात, जिथे एक मुलगी बारावीचा अभ्यास करते आणि तिचा भाऊ क्रिकेटचा सामना पाहतो, तिथे ही भिंत म्हणजे चैन नव्हे.

पण भिंत किती जाड आहे हे दुकानात कोणी विचारत नाही. कोणी सांगतही नाही. सांगतात ते काय? 'बाई, यात बास ऐका!'

हा 'बास' म्हणजे खर्जाचा आवाज फुगवून देण्याची युक्ती. पहिल्या पाच मिनिटांत तो छाती भरून टाकतो, आणि खरेदीचा निर्णय होतो तो नेमका त्याच पाच मिनिटांत. पण मराठी माणूस ऐकतो काय? अभंग ऐकतो, नाट्यगीत ऐकतो, भावगीत ऐकतो. म्हणजे शब्द ऐकतो. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले आणि पुढे छप्पन्न गीते झाली. लोक रेडिओभोवती जमले ते गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल यांसाठी. ढोलाच्या दणक्यासाठी कोणी जमले नव्हते. आणि कानाचा स्वभाव असा आहे की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. वरचा मात्र खालच्याला तसा झाकत नाही. डग्गा अंगावर आला की पहिल्यांदा बुडतो तो 'स' आणि 'श' यांतला फरक. मग ऐकणारा काय करतो? शब्द नीट कळावेत म्हणून आवाज आणखी वाढवतो. डग्गाही वाढतो. मी वर्गात शुद्धलेखन घालते तेव्हा मागच्या बाकावर दोघे बोलू लागले तर मी त्यांना गप्प करते. त्यांच्यावर ओरडून शुद्धलेखन घालत नाही.

याच्या उलट टोकही वाईटच. डीटी ७७० मध्ये वरचा आवाज बराच धारदार आहे. नाजूक गळ्याच्या गायिकेचा 'स' त्यात सुईसारखा टोचतो. सोनीचा ७५०६ ही थोडा त्याच अंगाचा. पण त्यात बोलणे इतके स्वच्छ ऐकू येते की १९९१ पासून ध्वनिमुद्रण करणारी माणसे तो कानावर चढवीत आली आहेत. एम५०एक्सचा खर्ज भरलेला. यांतला उत्तम कोणता, हा प्रश्न मला विचारू नका. तुमच्या घरी काय ऐकतात ते आधी सांगा. जो माणूस बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकतो, त्याला खोल खर्जाचा आणि अतिउंच स्वरांचा काय उपयोग? १९२५ पूर्वीचे ध्वनिमुद्रण तर विजेवाचून, नुसत्या कर्ण्यातून होत असे. त्या तबकड्यांत जे मुळातच उतरले नाही ते पंधरा हजारांचा हेडफोन कुठून आणणार?

आकड्यांची तर एक जत्राच भरलेली असते. माणसाचा कान साधारणपणे वीसपासून वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो, आणि चाळिशी उलटली की वरचे काही हजार गळून जातात. माझे गेले असतील. कोणाला विचारायला मी जात नाही. असे असता खोक्यावर छापलेले असते 'पाच ते पस्तीस हजार'. तो वरचा पल्ला ऐकायचा तर मांजर हवे, मांजराला साठ हजारांच्याही पुढचे ऐकू येते. गंमत म्हणजे या तिघांत ज्याचा छापील पल्ला सर्वांत तोकडा, म्हणजे दहा ते वीस हजार, तोच सोनीचा ७५०६ धंद्यातल्या माणसांनी तीन दशके वापरला.

दुसरा आकडा ओहमचा. डीटी ७७० प्रो बत्तीस, ऐंशी आणि अडीचशे ओहम अशा प्रकारांत मिळतो. विक्रेता अडीचशेचा पुढे करतो, कारण मोठा आकडा म्हणजे मोठा माल अशी आपली समजूत त्याला ठाऊक असते. हा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा नाही. विहिरीचे पाणी पहिल्या मजल्यावर चढवायचे की पाचव्या, तसला हा प्रश्न आहे. अडीचशेचा हेडफोन मोबाइलला जोडला तर तो पुटपुटतो. मग तेच दुकान त्याला जोडायला अँप्लिफायर दाखवते. म्हणजे बढतीमागोमाग आणखी एक बढती! आणि आता बऱ्याच मोबाइलांना हेडफोनचे भोकच नसते, तेव्हा तारेच्या हेडफोनला एक शेपूटही विकत घ्यावे लागते, तो खर्च आधीच धरावा.

जास्त पैसे म्हणजे जास्त गोड आवाज, या समजुतीला तरी काही आधार असावा की नाही? २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापे पाहिली. कानावर ठेवायचे, कानात घालायचे, स्वस्त, महाग, सगळे. किंमत आणि आवाजाचा आलेख यांचा परस्परांशी काही संबंध त्याला आढळला नाही. महागात मजबुती असेल, शिवण सुबक असेल, नाव असेल. पण किमतीचा आकडा पाहून आवाजाची प्रत ठरवणे म्हणजे शालूच्या किमतीवरून सुनेचा स्वभाव ठरवण्यापैकी आहे. तेही आपण करतोच म्हणा.

आता जिच्यासाठी हे सगळे लिहिते आहे ती गोष्ट. मी अठरा वर्षे वर्गात उभी आहे. हल्ली मुलांना एकच वाक्य दोनदा सांगावे लागते. त्याचा सगळा दोष हेडफोनवर टाकण्याइतकी मी भाबडी नाही. लक्ष नसणे हा विद्यार्थ्यांचा जुना हक्क आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटना सांगते की बारा ते पस्तीस वयाच्या शंभर कोटींहून अधिक तरुणांची श्रवणशक्ती मोठ्या आवाजात ऐकण्याच्या सवयीमुळे धोक्यात आहे. तिने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०१९ साली एक मापदंड प्रसिद्ध केला, त्यातला हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाने ऐंशी डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकावा. लहान मुलांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर. आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्र्याऐंशीला वीस तास, शहाऐंशीला दहा, एकोणनव्वदला पाच. तीन डेसिबल म्हणजे मोबाइलवरचे बटण बोटाने थोडेसे दाबणे. कानाच्या आतल्या ज्या बारीक केसपेशी आवाज टिपतात त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दात पडला तर कवळी बसवता येते, चष्म्याने अक्षर पुन्हा स्वच्छ दिसते. श्रवणयंत्र मात्र उरलेल्या पेशींवरच काम करते.

मूल आवाज वाढवते ते बहिरे व्हायचे म्हणून नव्हे. भोवती एसटी आहे, मिक्सर आहे, मंडपातला कर्णा आहे. त्यांच्या वर गाणे ऐकू यावे म्हणून वाढवते. भोवतालचा गोंगाट बाहेर अडवला तर आवाज आपोआप खाली येतो. डीटी ७७० चा कारखानदार सांगतो की त्याची वाटी बाहेरचा आवाज सुमारे अठरा डेसिबलने कमी करते. अठरा म्हणजे किती, हे वरचा हिशेब पाहिलेल्या वाचकाला सांगायला नको. असे असताना हा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात का नाही? आमची दुकाने जोर विकतात. शांतता विकायची त्यांना लाज वाटते की काय, कोण जाणे.

आणि ही भिंत कारखान्यात पुरी होत नाही, ती तुमच्या डोक्यावर पुरी होते. हे दुकानदाराला ठाऊक असते, म्हणूनच तो खोके उघडू देत नाही. जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या दुकानात मी हेडफोन डोक्यावर घालून पाहू द्या म्हटले, तर तिथला मुलगा म्हणाला, 'मॅडम, सील तुटलं की वापस नाही.' चपला घालून पाहाव्या लागतात, ब्लाउजचे माप द्यावे लागते, आणि डोक्यावर पाव किलो वजन रोज दोन तास वागवायचे ते मात्र खोक्यावरचे चित्र पाहून घ्यायचे! मी चष्मा लावते. चष्म्याची काडी कानामागे जाते तिथे गादी उचलली जाते आणि फट राहते. त्या फटीतून खर्ज बाहेर सांडतो आणि कुकरची शिट्टी आत येते. ज्या बायका कुड्या घालतात, ज्यांचा अंबाडा कमानीला लागतो, ज्यांचे कान मोठे आहेत, त्या सर्वांची भिंत निरनिराळी. एक साधी परीक्षा सांगते. चष्मा, कुड्या, अंबाडा, सगळ्यांसह हेडफोन घालावा, ओळखीचे गाणे लावावे आणि दोन्ही वाट्या तळहातांनी किंचित दाबाव्या. दाबताच खर्ज एकदम वाढला तर समजावे की गादी नीट बसत नाही, आणि खोक्यावर काहीही छापलेले असो, तो हेडफोन आपला नव्हे. न वाढला तर तसाच वीस मिनिटे बसून राहावे. टाळू दुखते का, कान तापतात का, ते वीस मिनिटांनी कळते. सोनीचा साधारण दोनशे तीस ग्रॅम, बायरचा दोनशे सत्तर, एम५०एक्स दोनशे पंच्याऐंशी. कागदावर हा फरक अगदी क्षुल्लक दिसतो.

मग गाद्या. रेक्झिनसारख्या कातडीच्या गाद्या आवाज चांगला अडवतात. पण मुंबईच्या किंवा कोकणातल्या दमट हवेत आणि घामात त्या दोन-तीन पावसाळ्यांत सोलू लागतात, आणि काळे पापुद्रे गालाला चिकटतात. मखमली गाद्या टिकतात, गारही वाटतात, पण त्यांतून आवाज झिरपतो. तेव्हा नव्या गाद्या सुट्या मिळतात का, हा प्रश्न आवाजाच्या आधीचा आहे. डीटी ७७० च्या मिळतात, बाकी दोघांच्याही मिळतात. तार ओढली जाऊन तुटणे हे घरात मूल असले की ठरलेलेच. एम५०एक्सची तार काढून दुसरी लावता येते, सोनीची येत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून मी एम५०एक्सला सोनीच्या वर बसवीन, मग स्टुडिओतले लोक काही म्हणोत. लहान मुलांच्या घरात सोनी घ्यायचाच असेल तर झाळकाम करणारा ओळखीचा असावा.

बिनतारी, गोंगाट खाणारे हेडफोन हे त्याहून मोठे उत्तर नाही का, असे आमचे विज्ञानाचे सर विचारतात. अमर बोस यांना ती कल्पना १९७८ साली विमानात सुचली, आणि विमानाच्या किंवा एसटीच्या संथ घरघरीवर ती खरोखर गुणकारी आहे. नुसत्या वाटीला ती घरघर फारशी अडवता येत नाही. ज्याचा रोजचा प्रवास आहे त्याने जरूर घ्यावा. पण त्याच्या पोटात बॅटरी असते, ती काही वर्षांत म्हातारी होते, आणि बदलायला गेले तर पुन्हा नवा घ्या म्हणतात. तारेच्या हेडफोनला म्हातारपण येते ते गादीला आणि तारेला, आणि दोन्ही बदलता येतात.

राहता राहिले घरातले वडीलधारे. त्यांचा आक्षेप मला ऐकून पाठ झाला आहे: पूर्वी एक रेडिओ सगळे घर ऐकत असे, आता प्रत्येकाच्या कानावर झाकण! हे दुःख खोटे नाही. पण त्या एका रेडिओवर काय लावायचे हे कोण ठरवीत असे, ते आठवून पाहा. आजोबा ठरवीत, मग वडील, मग थोरला भाऊ. घरातली सून जे गाणे तिला हवे ते ऐकत होती असे मला आठवत नाही. ती भाकऱ्या थापता थापता दुसऱ्याने लावलेले ऐकत होती. आता तिने दुपारी अर्धा तास कानावर वाट्या ठेवून आपले गाणे ऐकले तर कुटुंबसंस्था कोसळते म्हणता? सासूबाईंनी एकदा माझा हेडफोन घालून पाहिला, पाच मिनिटे गप्प बसल्या आणि म्हणाल्या, 'माझी मालिका यात लागते का गं?' लागते. तेव्हापासून मला संध्याकाळी हेडफोन मागून घ्यावा लागतो. एवढे मात्र खरे की रस्त्यावर, सायकलवर आणि रेल्वेचे रूळ ओलांडताना ही भिंत डोक्यावर नसावी. तिथे गोंगाट ऐकू आलाच पाहिजे, आणि जी मुले तसे करतात त्यांचे कान मी धरते.

आमच्या गावच्या दुकानदारांना माझे एकच सांगणे आहे. या तिघांचा एकेक नग खोक्यातून काढा, गल्ल्यावर टांगा, शेजारी एक खुर्ची ठेवा, गादी पुसायला एक फडके ठेवा, आणि माणसाला वीस मिनिटे बसू द्या. फडके मी घरून आणीन. तशी खुर्ची दिसेपर्यंत दुसऱ्या हेडफोनचे दहा-पंधरा हजार माझ्या पोस्टाच्या खात्यातच राहतील, आणि सासूबाई व मी आहे त्या एकावरच भागवू.